वाकवून तोडायची तार

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला सगळे मास्तर म्हणत. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि आज तो हयात नसतानाही आवडत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तो जिवंत असतानाही बोलत होतो, तेव्हा आता नवं पाप काही लागायचं नाही.

हुबळीत गोकुळ रोडवर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपांच्या, पंख्यांच्या मोटारी यायच्या आणि तांब्याची तार नव्यानं गुंडाळून परत जायच्या. संध्याकाळी त्याच मोटारी भिंतीकडे सरकवून आमची प्रॅक्टिस चालायची. मास्तर अकॉर्डियन वाजवायचा. बरा वाजवायचा, हे लिहितानाही मला त्रास होतो. मी बेस गिटार वाजवायचो. आमचं घर दुर्गदबैलच्या बाजारातलं, कापडाचं दुकान, आजोबा मिरजेकडून आलेले. दिवसभर गादीवर बसायचं आणि संध्याकाळी सायकल दामटत गोकुळ रोड गाठायचा. माझ्या या वाजवण्याला घरात 'थेरं' एवढा एकच शब्द होता.

गिटार कलकत्त्याची आणि मास्तरच्या मालकीची. ऐंशी साल उजाडायला आलं तरी हुबळीत बेसच्या तारा मिळत नव्हत्या. सतारीच्या, तंबोऱ्याच्या तारा धारवाडात हव्या तेवढ्या. पण आमची सगळ्यात खालच्या सुराची तार सुतळीएवढी जाड, ती कोण ठेवणार? मास्तरचा उपाय घरचाच होता. पोटात पोलादी तार, तिच्यावर दुकानातली तांब्याची तार गुंडाळायची, झाली बेसची तार.

हे गुंडाळायचं काम अक्का करायची. अळणावरकडच्या खेड्यातली बाई, नवरा गेल्यावर दोन मुली घेऊन हुबळीत आलेली. कॉइल भरण्यात तिचा हात धरणारं गोकुळ रोडवर कुणी नव्हतं. लेथला पोलादी तार ताणून ती वरून तांबं असं सोडायची की एक वेढा दुसऱ्यावर चढलेला कधी दिसला नाही. गिटारवर तारा चढवूनही तीच द्यायची. मी फक्त वाजवायचो आणि कुरकुर करायचो. कारण तार कितीही सुबक असली तरी आवाज बद्द. रेकॉर्डवर ऐकलेला बेस छातीत घुमायचा. आमचा बेस शेजारच्या खोलीत कुणी पोतं टाकल्यासारखा वाजायचा.

आमचे काका कापडाच्या खरेदीला मुंबईला जायचे. त्यांना चिठ्ठी लिहून दिली: बेस गिटारच्या चार तारा, लांब मापाच्या, गोल वेढ्याच्या. सपाट वेढ्याच्याही मिळतात, पण त्या बोटाला मऊ आणि आवाजाला गुळगुळीत. मला आवाजात कण हवा होता. काका दोन खेपांना विसरले. तिसऱ्या खेपेला मेंडोलिनच्या तारा घेऊन आले आणि वर मलाच म्हणाले, "तारेला तार, त्यात काय बघायचं?" चौथ्या खेपेला एकदाचं ते विलायती पाकीट हाती आलं.

मी ते मास्तरपुढे धरलं. त्यानं उघडूनसुद्धा बघितलं नाही.

"अक्काच्या तारेला काय धाड भरलीय?"

"आवाज येत नाही, मास्तर."

"तुला येत न्हाई वाजवायला, म्हन की." मग थोडा विचार करून म्हणाला, "चढव. रविवारी सांजंला गणपतीचा कार्यक्रम हाय. त्यात ह्या तारांनी घोटाळा केला तर गिटार माझ्या मेव्हण्याच्या गळ्यात. तिळीतेनो?" समजलं का, असं कानडीत विचारून त्यानं विषय संपवला.

हा मेव्हणा प्रॅक्टिसला यायचा तो केस विंचरायला. मी चहाला उठलो की माझी गिटार गळ्यात अडकवून खिडकीच्या काचेत स्वतःला बघायचा. मास्तर महिन्यातून दोनदा तरी मला त्याचा धाक घालायचा. मी चोवीस वर्षांचा होतो. बेस गेला असता तर माझ्याकडे कापडाचं दुकान उरलं असतं आणि रोज सकाळी काकांनी उदबत्ती फिरवलेली ती गादी.

रविवारी दुपारी मी तारा घेऊन दुकानात गेलो. मास्तर बाहेर चहाला गेलेला. आत अक्का एकटीच, पंपाची मोटार भरत बसलेली. तिनं हात पुढं केला, तारा चढवून द्यायला. मी दिल्या नाहीत. या तारा माझ्या होत्या, मीच चढवणार होतो. जाड तारेपासूनच सुरुवात केली. जुनी तांब्याची तार सोडवायचीही सबुरी नव्हती. पकडीनं मधोमध तोडून फेकून दिली. इतक्या दिवसांचा सूड.

नवी तार भलतीच लांब होती. आता दुकानदाराच्या पोराला काय शिकवलेलं असतं? मोजायचं आणि कापायचं. बोटभर जास्त गेलं तर घरचं गेलं, बोटभर कमी दिलं तर गिऱ्हाईक गेलं. लहानपणी एका खणात दोन बोटं जास्त सोडली म्हणून काकांनी माझी बोटं मीटरपट्टीनं झोडली होती. मी तार गिटारवर आडवी धरली, खुंटीच्या भोकापर्यंतचं माप घेतलं आणि पक्कड लावली.

मला ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. अक्का मोटारीवरून मान न उचलता म्हणाली, "तम्मा, आदी वाकीव, मग तोड. सरळ तोडलीस तर वरचं वेढं सुटतंय बग. आनि खुंटीवर तीन वेढं बसतील एवडी लांब ठेव."

"अक्का, ही पंपाची मोटार नव्हे," मी म्हणालो आणि तोडली. अगदी मापात.

खुंटी पिळायला घेतली. तार अर्धा वेढा फिरली, ताणली आणि खुंटीतून निसटून माझ्या मनगटावर फटकन बसली. पुन्हा अडकवली, पुन्हा सुटली. तोवर तोडलेल्या टोकाकडून वरचा वेढा सैल पडून आत सरकायला लागला होता. कशीबशी चिमटीत ताणून छेडून बघितली, तर आवाज ठस्स. अक्काच्या तारेपेक्षाही वाईट. आणि मला अक्काचाच राग आला. तिचं खरं निघालं म्हणून.

तेवढ्यात मास्तर आला. हातातलं बघून म्हणाला, "कुणी तोडलं हे?"

मी म्हणालो, "अक्कानं. मी नको म्हणत होतो."

आधी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि गेल्याबरोबर सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो. अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग मास्तरला म्हणाली, "म्या न्हाई, सावकार." एकदाच म्हणाली. मास्तरनं ते टोक हातात घेऊन बघितलं आणि तार कोपऱ्यात फेकली.

"दुसरी गुंडाळ," तो तिला म्हणाला. "पाच वाजायच्या आत."

अक्का उठली. लेथला पोलादी तार लावली, तांब्याचं रीळ घेतलं आणि बसली. मी उभा. तिनं तार पुरी केली, गिटारवर घेतली, वीतभर लांब ठेवून टोक काटकोनात वाकवलं, मग तोडलं, आणि खुंटीवर तीन वेढे एकाखाली एक बसवले. उरलेल्या तिन्ही विलायती ताराही तिनंच तशाच चढवल्या. मला काही बोलली असती तर मी भांडलो असतो. मला भांडायचंच होतं.

कार्यक्रम झाला. तीन विलायती आणि एक तांब्याची, असा तो बेस वाजला. कुणाच्या बापाला फरक कळला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या त्या गाणाऱ्या पोरीसाठी.

गुरुवारी प्रॅक्टिसला गेलो तर अक्काच्या स्टुलावर दुसरीच बाई. ढोलकीवाला म्हणाला, "मास्तरनं अक्काला ब्याड म्हनून सांगितलं." ब्याड म्हणजे नको. मी म्हणालो, "हो का?" आणि गिटार सुरात लावायला घेतली.

त्यानंतर मी मास्तरचा जास्तच द्वेष करायला लागलो. शहानिशा न करता बाईमाणसाच्या पोटावर पाय देणारा माणूस, असं मी चारचौघांत सांगायचोसुद्धा. असं सांगताना माझा आवाज चांगला चढायचा. शेजारी बसलेली माणसं माना डोलवायची.

बेस मी आणखी पाच-सहा वर्षं वाजवला. मग मास्तरनं एक परदेशी कीबोर्ड आणला, त्यात डाव्या हातानं बेस वाजायचा. एका संध्याकाळी त्यानं मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, पंख्याचं बटण बंद करावं तितक्या सहज. मी गादीवर येऊन बसलो तो कायमचा.

पुढच्या वर्षी मास्तर आमच्या दुकानात आला. मुलीचं लग्न होतं, इरकलच्या साड्या हव्या होत्या. काका त्याला ओळखत नव्हते, त्यांनी चहा सांगितला. मी साड्या उलगडत होतो आणि आतून धुमसत होतो. याला कुठंतरी टोचायचं, एवढंच डोक्यात होतं. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या उलगडतानाच मी तो विषय काढला.

"मास्तर, ती विलायती तार मी तोडली होती. त्या बाईला तुम्ही उगाच काढलंत. तळतळाट घेतलात तिचा."

तो साडीचा काठ बोटांनी चाचपत होता. "ठाऊक हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"अक्का जन्मात सरळ तोडायची न्हाई. टोक बगूनच कळलं की."

"मग तिला का काढलंत?"

"ती रोज समोर बसली असती तर तू यायचा बंद झाला असतास. तुझं तोंडच सांगत होतं. वाइंडिंगला बाई चार दिवसांत मिळती. बेसवाला कुठनं आणू?" त्यानं साडी बाजूला ठेवली. "ह्याच्यात हिरवा हाय काय?"

"आणि मेव्हणा होता की तुमचा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला.

मास्तर हसला. "त्याला कुठं काय वाजवायला येत होतं? तुला धाक ऱ्हावा म्हनून बोलायचो. तुला कोण काढनार होतं त्या वेळी?"

मी हिरवी साडी काढून दिली. त्यानं ती घेतली, चहा प्याला आणि गेला. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो की वाईट केलं खरं, पण तेव्हा माझी जागाच जाणार होती. ती जागा जाणारच नव्हती. अक्का कुठं राहते हे मला माहीत होतं, आमच्या दुकानापासून सायकलवर दहा मिनिटं. मी त्या दिवशीही गेलो नाही.