कव्हरवरचा हात

आमच्या ह्यांना सरळ रेषेचं वेड. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करतील, मग पाणी पितील. एकदा फणफणून ताप आलेला, तशात दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांना म्हणाले, "तुमच्या बोर्डावरचा 'द' कलंडलाय." पंचवीस वर्षं बोर्ड रंगवतायत. फ्लेक्स आल्यापासून काम निम्म्यावर आलं, पण ऐट तसूभर कमी झाली नाही. लग्नाआधीच शिडीवरून पडून उजवा अंगठा मोडलेला, तो वाकडाच जुळला. त्याच हाताने अक्षरं मात्र अशी काढतात की पट्टी लावून बघा. गल्लीत सगळे त्यांना पेंटर म्हणतात, रागावले की मीपण म्हणते.

धाकटे भावजी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. लहानपणापासून तोंडाला खीळ नाही, म्हणून घरात नाव पडलं बडबड्या. आता तीच बडबड तालावर करतात, तिला रॅप म्हणतात, आणि लोक ती ऐकायला गर्दी करतात. मी दोनदा जाऊन आले. हे एकदाही गेले नाहीत. "बोलण्याला कसल्या टाळ्या?" म्हणायचे. पण तेव्हा पोटात दुखत नव्हतं. तोंड त्याचं, हात माझा, अशी घरातली वाटणी त्यांनी मनाशी पक्की केलेली.

भावजींचा पहिला आठ गाण्यांचा अल्बम ठरला आणि ह्यांनी कव्हरची चित्रं काढायला घेतली. सांगितलं कुणी? कुणीच नाही. अकरा कच्ची चित्रं झाली. नवा ब्रश आणला. "येईल, विचारेल, जातोय कुठे!" असं रोज सकाळी दुकानाचं शटर उघडताना म्हणायचे.

आणि भावजी आले ते कव्हर काढूनच. जाड पुठ्ठ्यावर, बॉलपेन आणि पोस्टर कलरने. खाली ओळीने बंद शटरं, आणि वर आकाशभर एकच हात, त्यात माइक.

"दादा, नाव तेवढं तू लिही. शुक्रवारी छापायला द्यायचंय."

"बरं," हे म्हणाले. भावजी वळले मात्र, ह्यांनी नवा ब्रश डब्यात असा आपटला की डबाच आडवा झाला.

त्या दिवसापासून नुसता जळफळाट. "चित्र काढायला हा, आणि नाव घालायला मी! शिकला कुठे? माझेच रंग चोरून! स्वतःचा हात आभाळाएवढा काढलाय, आणि तोही धड जमला नाही. माइक असा धरतात होय?" जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच. त्यात शेजारचा शिंपी डोकावला. "वा पेंटर! हे तुमचं?"

"धाकट्याचं."

"अरे, मग तुमच्यापेक्षा सरस निघाला की!" असं म्हणून तो बाबा शिट्टी वाजवत निघून गेला. ह्यांनी ताटातला घास तसाच ठेवला. आगीत तेल ओतायला शिंपीच बरा सापडला.

गुरुवारी दुपारी मी बहिणीकडे जाऊन आले, तर पुठ्ठा टेबलावर वाळत ठेवलेला. नाव सुरेख लिहिलेलं, दृष्ट लागावी असं. पण हातावर पांढरा रंग मारून तो नव्याने काढला होता. सरळ अंगठा, नीट मूठ, माइक कसा छान पकडलेला.

"अहो, हे काय केलंत?"

"दुरुस्त केला," हे म्हणाले. तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. "आता बघू दे शिंप्याला."

संध्याकाळी भावजी आले. पुठ्ठा उचलला, आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

"बोल की," हे म्हणाले. "अंगठा तुटक्या चमच्यासारखा काढला होतास. सरळ करून दिला."

"दादा," भावजी म्हणाले, "तो हात तुझा होता."

ह्यांनी पुठ्ठा जवळ ओढला.

"तुझा अंगठा वळत नाही, म्हणून तू ब्रश दोन बोटांत धरतोस. मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच वस्तू तशा धरायच्या असतात. पेन तसं धरलं म्हणून शाळेत मार खाल्ला. माइक अजून तसाच धरतो. तू एकदा जरी आला असतास तर दिसलं असतं."

ह्यांनी आपला हात उलटा केला, सुलटा केला. मग पेन घेतलं आणि म्हणाले, "थांब, होता तसा करून देतो." पण जमेना. हजारो अक्षरं काढलेल्या माणसाला आपला अंगठा काढता येईना. दोनदा काढला, दोनदा पांढरा रंग मारला. शेवटी पेन भावजींपुढे सरकवलं, आणि हात टेबलावर ठेवून शाळेतल्या पोरासारखे बसले. तासभर हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलासुद्धा हात उचलला नाही.

चित्र झालं. ह्यांनी मान तिरकी करून पाहिलं. "नख जरा मोठं झालंय."

"राहू दे," भावजी म्हणाले.

"राहू दे," हेही म्हणाले.

निघताना भावजी माझ्याकडे वळले. "वहिनी, ह्याचं सोडा. तुम्हाला तरी ओळखू यायला हवा होता."

"मी कुठे एवढं बारीक बघते!" मी म्हणाले आणि ब्रश धुवायला मागे गेले.

खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी पुठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हाच मी ओळखला होता. एक शब्द बोलले असते तर तीन दिवसांची जळजळ तिथेच विझली असती. पण वीस वर्षं ह्यांचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन माझ्या हाताची सालं निघाली, आणि आभाळभर हात निघाला तो ह्यांचा. म्हटलं, जळू देत थोडे, मी एकटीनेच का जळायचं?