भिंतीपलीकडचे तीन ठोके

आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही, आणि मला त्याचा अभिमानच होता. तरी हे लिहितोय. एकाहत्तरच्या लढाईत मी पकडला गेलो आणि वर्षभर परक्या तुरुंगातल्या अंधाऱ्या खोलीत राहिलो. रोज पहाटे मनात त्रिशरण म्हणायचो आणि प्रत्येक शरणाला भिंतीवर एक ठोका द्यायचो. एके दिवशी पलीकडून तीन ठोके आले. तो कोण, कुठला, कधीच कळलं नाही. पण रोज त्याचे ठोके यायचे, आणि मला वेड लागलं नाही ते त्याच्यामुळेच. मग एका सकाळी मला ताप होता, जीव विटला होता. त्याचे तीन ठोके आले, थोडं थांबून पुन्हा आले. मी कूस बदलून पडून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून भिंत गप्प झाली. सुटून घरी आलो, पण वंदनेला बसलो नाही. कुठल्या तोंडाने बसणार होतो?

बारा वर्षांनी मी गोंडपिपरीकडच्या जंगलात बांबूतोडीवर मुकादम होतो. आमचा गाडीवान सोमाभाऊ मला बजावायचा, "जंगलात कोनी आवाज देल्ला तं ओ देऊ नोका भाऊ. चकवा रायते, वाट भुलवते." मी हसायचो, "मी कैदेतून आलो बाप्पा, मले काय करते चकवा?" एका बाजाराच्या दिवशी काम बंद होतं. पुढची तोड कुठून धरायची ते बघायला मी एकटाच आत गेलो आणि वाट चुकलो. भर दुपारी आभाळ भरून आलेलं, त्यामुळे सावलीवरून दिशा कळेना. फिरून फिरून एकाच मोहाच्या झाडाखाली येत होतो. तिसऱ्या वेळी पाहिलं, माझ्याच पावलांच्या ठशांवर वाघाची ताजी पावलं उमटली होती. एक पाखरू बोलत नव्हतं. खाली बसलो आणि आता उठायचं नाही असं ठरवून टाकलं.

तेव्हा ठोके ऐकू आले. लाकडावर लाकूड, तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. सोमाभाऊचं बोलणं आठवलं, आणि कूस बदललेली ती सकाळही आठवली. म्हटलं, चकवा असो की काळ, या खेपेला मी गप्प राहणार नाही. त्रिशरण म्हणत कोयत्याच्या मुठीने मोहाला तीन ठोके दिले. लगेच उत्तर आलं, जरा पुढून. मी झाडामागून झाड ठोकत, ऐकत चालत राहिलो आणि गाडीवाटेवर निघालो.

तिथे सोमाभाऊ बैल थांबवून उभा होता. लाकूड कोण ठोकून राह्यलं होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुमीच ना भाऊ? अख्खं गाव बाजारात हाय. मले तं एकाच माणसाचे ठोके आयकू येत होते. तेच आयकून थांबलो, नाईतं कवाचा घरी गेलो असतो."

ते काय होतं, याचा मी वाद घालत नाही. त्या संध्याकाळी बारा वर्षांनी वंदनेला बसलो आणि पोटभर रडलो. शरण जायला आधी निर्दोष व्हावं लागतं असं मी धरून बसलो होतो. तसं नसतं. साद आली की ओ द्यायची, एवढंच आपल्या हाती असतं. आता रोज पहाटे त्रिशरण म्हणताना पाटावर तीन ठोके देतो. बायको आधी हसायची. आता मी तापाने पडलो, की माझ्या वतीने तीच देते.