टाचण्या लावलेलं पोलकं

मी बाहुल्यांचे कपडे शिवते. वय छप्पन्न. हे ऐकलं की आमच्या शहापुरातल्या आळीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावतात आणि मग विचारतात, "नातवंडासाठी का?" नातवंड नाही, स्वतःसाठी, असं सांगितलं की त्यांना माझ्या डोक्याची काळजी वाटू लागते. याच बायका भाद्रपदात लोखंडी स्टँडवर मुखवटे बसवतात आणि गौरींना नऊवारी नेसवायला मला हाताला धरून नेतात. तेव्हा काय, तर "तुमच्यासारख्या निऱ्या कुणालाच जमत नाहीत." जमतील कशा? माझा हात वर्षभर बाहुलीवर बसलेला असतो. देव अक्कल वाटत होता तेव्हा या सगळ्या हळदीकुंकवाला गेल्या असाव्यात.

मुलाच्या लग्नाचं जमत आलं होतं. घरात आम्ही दोघंच. मुलगी त्याला पसंत होती आणि मुरबाडहून तिचे वडील आणि आत्या घर बघायला येणार होते. सकाळी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, तेवढ्या बाहुल्या आत टाक. लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे मी ज्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं असे दोघं. मला रागही आला आणि त्याची कीवही आली. तरी त्याचं जमावं म्हणून अकराच्या अकरा बाहुल्या मी बैठकीतल्या दिवाणात कोंबल्या. सगळ्यांत मोठी माहेरहून आणलेली, हातभर लांबीची. तिच्या अंगावरचं खणाचं पोलकं अर्धवट होतं. छातीशी सैल पडत होतं म्हणून टाचण्या लावल्या होत्या. त्या काढत बसायला वेळ नव्हता.

पाहुणे आले. आत्याबाई नेमक्या दिवाणावर बसल्या. नळाला पाणी किती वेळ येतं, गच्ची कुणाच्या वाटणीची, सगळं विचारून झालं. पोहे खाऊन हात धुवायला उठल्या तर दिवाणाच्या झाकणाच्या फटीतून जरीचा काठ डोकावत होता.

"कुणाची साडी चेमटली गो," म्हणत त्यांनी सरळ झाकण उचललं. लोकांच्या घरात विचारून हात लावायची रीत मुरबाडात नसावी. आणि वरच पडलेली टाचण्यांची बाहुली बघून त्या किंचाळल्या.

"करणी! दादा, उठा, करणी हाय इथं!"

दादांच्या हातातल्या कपातला चहा धोतरावर सांडला. मुलगा पांढराफटक पडला. "आमची नाय ती," तो म्हणाला. "शेजारणीची आहे." शेजारीण आपल्या बाहुल्या आमच्या दिवाणात ठेवते! माझ्या पोटचा गोळा, आणि खोटंसुद्धा धड बोलता येऊ नये.

मी बाहुली उचलून मांडीवर घेतली. "माझी आहे. पोलकं सैल होतंय म्हणून टाचण्या लावल्यात."

"तुमी शिवता? हिला?"

"हो."

आत्याबाई हसल्या. मग दादाही हसले. मघाशी घाबरून भिंतीला चिकटलेल्या त्याच बाई आता जवळ येऊन, वेड्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. चेटकीण असते तर नमस्कार करून गेले असते दोघं.

दोन दिवसांनी मुरबाडहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

मुलाने अबोला धरला. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "त्यापेक्षा करणी आहे म्हणायचं होतंस. निदान हसले तरी नसते."

हा माझा मुलगा सातव्या महिन्यातच जन्मला होता. इवल्याशा अंगाला बसेल असं झबलं शहापूरच्या बाजारात मिळेना. त्याला हात लावायचीही मला भीती वाटायची. मग सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं झबलं मी याच बाहुलीच्या अंगावर बेतलं, अशाच टाचण्या लावून. हे त्याला कधी बोलले नव्हते, त्या दिवशी जेवताना सांगितलं.

तो भात कालवत राहिला. "मग?" म्हणाला.

मग काही नाही. मला त्याची शिसारी आली, खोटं कशाला बोलू? पण दिवाणाचं झाकण त्याने लावलं नव्हतं, मी लावलं होतं.

येत्या रविवारी खर्डीची माणसं घर बघायला येणार आहेत. त्यांना बसायला खुर्च्या आहेत. दिवाणावर बाहुल्या बसतील.