सिग्नल पडला

सिद्धराम अण्णांनी उभा जन्म बसवकल्याण-भालकी बस चालवण्यात घातला, आणि त्यातला निम्मा रेल्वेच्या फाटकापाशी उभं राहण्यात गेला, असं ते स्वतःच म्हणायचे. फाटक बंद दिसलं की प्रवासी गेटमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. अण्णा मात्र स्टिअरिंगवर हनुवटी टेकून रुळाकाठच्या खांबाकडे बघत बसायचे. खांबावरचा लाल पत्र्याचा हात आडवा असला, की गाडीला वेळ आहे. तो खट्‌कन खाली झुकला, की मागून कुणीतरी ओरडायचंच, "शिग्नल पडला!" विड्या विझायच्या, शेंगावाली टोपली उचलायची आणि अण्णांचा हात किल्लीकडे जायचा. सिग्नल पडणं म्हणजे गाडी आलीच, आता फाटक उघडणार, अशी सुटकेची बातमी.

रिटायर झाले तेव्हा गुडघे गेले आणि हा नाद लागला. बीदर, कलबुर्गीकडची जुनी फाटकं हुडकायची, खांबावरची ओतीव अक्षरं, तारेचं चाक, दिव्याची फुटकी काच, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढायचे. अनसाबाई नवऱ्याला म्हणायच्या, "जगाला देवळं दिसतेत, तुमाला खांबच दिसायलेत."

एक गोष्ट मात्र अण्णांना खायची. विजेचे दिवे आले, हात ओढणाऱ्या तारा तुटल्या, आणि जुने हात होते तसेच आडवे गंजून बसले. इतके फोटो, पण सगळ्यांत एकच हुकूम: थांब. बघून बघून जीव कंटाळला होता. मरायच्या आत एक तरी हात पडताना, त्या खट्‌ आवाजासकट, मोबाईलमध्ये धरायचा होता.

भालकीकडच्या एका फाटकावर तसा हात शिल्लक होता. तारही शाबूत होती. गेटमन काशप्पा जुना ओळखीचा. रस्ता रुळाखालून काढल्यामुळे फाटक कायमचं बंद व्हायचं होतं. काशप्पानं शब्द दिला होता, "काढायच्या आधी तेल घालून एकदा पाडून दावतो, अण्णा."

परवा दुपारी त्याचा फोन आला. "अण्णा, शिग्नल पाडायलेत. लौकर या."

अण्णा भरल्या ताटावरून उठले. "कामून पळायलाव? गुडघ्याकडं बघा की," अनसाबाई ओरडत राहिल्या. दोन बस बदलून, दुसरीत उभ्यानं, अण्णा पोचले. बस कुठंही न थांबता सरळ रुळाखालून निघाली तेव्हा त्यांनीच ओरडून ती थांबवली. गुडघे धरत वर चढले.

वर जळक्या लोखंडाचा वास होता. खांब बुडातून कापलेला, गवतात आडवा. लाल हात वेगळा करून बाजूला टाकलेला. मजूर तुकडे ट्रकमध्ये भरत होते.

"उशीर केलात, अण्णा," काशप्पा म्हणाला. "सकाळपासून पाडायलेत. म्हनून तर फोन केला."

"मला वाटलं, तू तेल घालून पाडायलास."

काशप्पाला कळायला क्षणभर लागलं. मग त्याचा चेहरा उतरला. "त्येनी मला इचारलं बी न्हाई, अण्णा."

रागवायचं कुणावर? शब्द तर बरोबरच होता. अण्णा त्या खांबावरच बसले. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण आला तो नुसता थकवा. इतक्या वर्षांच्या सगळ्या फाटकांवरचं उभं राहणं एकदम गुडघ्यात उतरल्यासारखं. फोटो काढावा म्हणून मोबाईल हातात घेतला, आणि नको वाटलं. तेवढ्यात तो वाजला.

"पोचलाव का?" अनसाबाई विचारत होत्या. "पडला का हो शिग्नल?"

मजुरांनी लाल हात उचलून ट्रकमध्ये फेकला. खट्‌ आवाज झाला.

"व्हय," अण्णा म्हणाले. "पडला."

"बरं झालं बाई! एकदाचं मनासारखं झालं. घरी आल्यावर दावा, मी बी बघते."