सातव्या मजल्याचा कायदा

वकीलबाईंनी हयातभर मोठमोठ्यांना कोर्टात खेचलं. आडनाव ऐकून घर नाकारणारे मालक, चौकशीच्या नावाखाली माणसं डांबून ठेवणारे पोलीस, कुणाला सोडलं नाही. पण गेल्या महिन्यात त्या वारल्या, तेव्हा इमारतीत विषय निघाला तो लिफ्टच्या खटल्याचा. त्यात समोर त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता.

दादा इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. लिफ्टशेजारी त्यांनी पाटी लावली होती : ‘कामवाल्यांनी जिना वापरावा.’ सातव्या मजल्यावरच्या चार घरांत एकच बाई स्वयंपाक करायची, दादांच्याही. तिचे गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. जिना बंद म्हणजे चारही घरं बंद.

“दादा, पाटी काढ,” वकीलबाईंनी सांगितलं.

“ठमे, लिफ्ट जुनी आहे, भार सोसत नाही. आणि हे काही तुझं कोर्ट नाही.”

“मग तिथंच भेटू.”

साक्षीतही दादांनी भाराचंच तुणतुणं लावलं. वकीलबाई उलटतपासणीला उठल्या. “दादा, तुझं लोखंडी कपाट वर कसं गेलं रे?”

“बाई, साक्षीदाराला दादा म्हणू नका,” न्यायाधीशांनी टोकलं.

“बरं. साक्षीदारसाहेब, आपलं कपाट वर कसं गेलं?”

“लिफ्टनं.”

“सोबत कोण होतं?”

“दोन हमाल.” दादा थांबले. “आणि मी.”

कोर्ट हसलं. निकाल लागला, पाटी उतरली.

त्यानंतर चारही घरांनी बाईला कामावरून काढलं. लिफ्टचं नाव कुणी घेतलं नाही. एका घराला वजन उतरवायचं होतं. वहिनी म्हणाल्या, “आता मीच करीन म्हणते.” कोर्टाच्या आदेशात याला उत्तर नव्हतं.

“खटला मी जिंकले आणि पाय पडला तिच्या पोटावर,” वकीलबाई म्हणायच्या. ज्या कायद्यावर पुन्हा भांडावं, तो कायदाच नव्हता. म्हणून त्या विधानसभेला उभ्या राहिल्या. समितीतले हसले, “वकीलबाई निघाल्या वरच्या मजल्यावर!” त्या निवडून आल्या.

त्यांचं विधेयक छोटं होतं. राहत्या इमारतीत कोण काय काम करतं यावरून कुणाला लिफ्ट नाकारायची नाही, आणि हा हक्क मागितला म्हणून कुणाला कामावरून काढायचं नाही.

“सभागृहापुढं दुसरे प्रश्न संपले का?” एका सदस्यानं टोला हाणला.

“अध्यक्ष महाराज, चर्चा संपेपर्यंत इथली लिफ्ट बंद ठेवावी,” वकीलबाई म्हणाल्या. “सन्माननीय सदस्यांची खोली पाचव्या मजल्यावर आहे.”

चर्चा लांबली नाही. विधेयक मंजूर झालं.

बाई तोवर एका खानावळीत भांडी घासत होती. स्वयंपाकाला कंटाळलेल्या वहिनींनी तिला निरोप धाडला. ती आली, तेव्हा खाली दादाच लिफ्टचं दार धरून उभे होते.

“चला बाई, या आत.”

“तुम्ही व्हा पुढं. मी पुढच्या खेपेला येते. भार सोसत नाही म्हणाला होतात ना?”

दादा एकटेच वर गेले.

संध्याकाळी बाईनं हे सांगितलं तेव्हा वकीलबाई पोट धरून हसल्या. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “आठवड्याची सुट्टी ठरवून घेतलीस?”

“ते राहिलंच की.”

“मग उद्या त्याच्याबरोबरच लिफ्टमध्ये चढ. सात मजले आहेत. तेवढ्यात ठरवून टाक, दादा पळतोय कुठं?”