सुईवरचं टोपण

सिस्टरांचा हात हलका होता. इतका, की सुई टोचून झाल्यावर रुग्ण विचारायचा, "कधी टोचणार?" या एका कौतुकावर त्यांनी सारी नोकरी काढली. आणि साथीच्या त्या वर्षी त्याच हातानं त्यांना तोंडघशी पाडलं.

लस आली त्या दिवशी पहिला मान मोठ्या डॉक्टरांचा. ते सकाळीच आले, बाही वर केली, सिस्टरांनी लस टोचली आणि ते राऊंडला निघून गेले. सगळं खरं, सगळं सरळ. फोटोवाला मात्र उशिरा उगवला. ऑफिसातले साहेब हवालदिल झाले. डॉक्टरांना परत बोलावून म्हणाले, "सिस्टर, नुसतं केल्यासारखं करा हो. टोपण राहू दे सुईवर. कोण बघतंय?"

सगळ्यांनी बघितलं. फोटो छापून आला, मोठा करून दर्शनी भिंतीवर लागला, आणि त्यात ते टोपण पडद्याआडून डोकावणाऱ्या हौशी नटासारखं स्वच्छ दिसत होतं. रंगमंचावर लाकडाची तलवार खरी वाटावी म्हणून माणसं उभा जन्म घालवतात. इथे खरीखुरी सुई एका फोटोपायी खोटी ठरली.

"मोठ्यांना टोपण, आपल्याला सुई," लिफ्टवाला मजल्यामजल्यावर सांगत सुटला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य स्वयंपाकघरातून धोबीखान्यात पोचलं. लसीच्या खोलीबाहेरच्या खुर्च्या ओस पडल्या. नर्सबाया म्हणायच्या, "पुढच्या आठवड्यात बघू." एक्स-रेवाला म्हणायचा, "आधी लोकांना काय होतं ते कळू दे."

"लोक म्हणजे कोण रे? पहिले लोक आपणच ना?" सिस्टर चिडून विचारायच्या. तो हसून पुढे जायचा.

खरं काय ते सांगायची सोय नव्हती. "या विषयावर तोंड उघडायचं नाही, हॉस्पिटलच्या अब्रूचा प्रश्न आहे," असं साहेबांनी बजावलं होतं. सिस्टर गप्प बसल्या, आणि त्या गप्प आहेत म्हणजे पाणी मुरतंय, असं सगळ्यांनी धरून घेतलं.

बाकीच्यांचं एक वेळ सोडा. पण तापाच्या वॉर्डातल्या मावशीसुद्धा नाही म्हणाल्या. नव्या नोकरीत पहिलं प्रेत गुंडाळताना सुरुवात कुठून करायची ते सिस्टरांना सुचेना, तेव्हा याच मावशी शेजारी येऊन म्हणाल्या होत्या, "पायाकडून सुरू कर पोरी, तोंड शेवटी." मावशींना जुना दमा. ही साथ दम्याच्या माणसाचं काय करते, ते सिस्टर रोज वॉर्डात बघत होत्या.

शेवटी त्यांनी साहेबांचा हुकूम गुंडाळून ठेवला. चादरींच्या खोलीत मावशींना गाठून सगळं सांगितलं.

"म्हणजे फोटो खोटाच होता की," मावशी घडी घालत म्हणाल्या.

"फोटो खोटा. लस खरी."

"ती मी पाहिली नाही. फोटो पाहिला."

"माझ्यावर विश्वास नाही का, मावशी?"

"आहे गं. पण फोटोत हात तुझाच आहे ना?"

सिस्टर तणतणत निघाल्या त्या थेट मोठ्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. त्यांचा दुसरा डोस जवळ आला होता.

"सर, या वेळी तापाच्या वॉर्डाच्या दारात घ्या. सगळ्यांसमोर."

"मी काय आता तमाशा करू?"

"तमाशा मागेच झालाय, सर. आता त्याशिवाय टोचू."

डॉक्टर कुरकुरले, पण ठरल्या दिवशी आले. मागोमाग फोटोवालाही. सिस्टरांनी त्याची वाट अडवली.

"मला ऑफिसनं पाठवलंय."

"मग ऑफिसचा फोटो काढा."

दारात स्टूल मांडलं. लिफ्टवाला लिफ्ट अडवून उभा, मावशी हाताची घडी घालून पुढे. सिस्टरांनी सगळ्यांदेखत लस भरून घेतली आणि सुईवरचं टोपण मावशींच्या तळहातावर ठेवलं. "धरा."

मग सुई टोचली.

"आई गं," डॉक्टर कळवळले. "सिस्टर, तुमचा हात हलका म्हणतात ना?"

"आज जड केलाय, सर," सिस्टर हळूच म्हणाल्या. "माफ करा."

मावशींनी डॉक्टरांचा वाकडा झालेला चेहरा न्याहाळला. टोपण बोटांत फिरवून पाहिलं. मग पदर सावरून स्टुलावर बसल्या आणि दंड पुढे केला. "मला मात्र नेहमीसारखी टोच, पोरी."

टोचून झालं तरी मावशी बसूनच होत्या. त्यांना कळलंच नव्हतं.

सिस्टरांना वाटलं, आता रांग लागेल. त्यांनी मान वर केली. घोळका पांगत होता. "या ना, आता काय राहिलं?" त्यांनी लिफ्टवाल्याला हाक मारली.

"मोठ्यांचं काय सांगावं, सिस्टर," तो लिफ्टचं दार ओढत म्हणाला. "ओरडायचेही वेगळे पैसे मिळत असतील."

सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. तो मात्र हलका पडला नाही.