कोंडाजीच्या खांद्यावरचा कौल

तिकोणा पेठेत फेटा बांधावा तर कोंडाजीनंच. नवरदेवाचं डोकं भोपळ्यासारखं असो की नारळासारखं, कोंडाजीचे हात भोवती फिरले की गडी सरदार दिसायचा. अशा माणसाच्या उजव्या अंगठ्यातलं बळ एका उन्हाळ्यात कुठं गेलं ते कळलंच नाही. अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडला. धोतराची गाठसुद्धा बायकोला, झुंबरबाईला मारावी लागायची. त्यात त्याचं अंग आपणहून उडायला लागलं. कोंडाजी ढिम्म बसलेला, आणि दंडाच्या कातडीखाली मात्र पोत्यात उंदीर शिरल्यासारखी वळवळ.

दुखत काहीच नव्हतं. पण लेकीचं, नंदाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, आणि जावयाचा फेटा मीच बांधणार, हे त्यानं नंदा पाळण्यात होती तेव्हाच गावभर सांगून ठेवलेलं. तोवर हात परत येईल का, एवढाच घोर त्याला लागला होता.

गावाला कसला घोर? गावाला घरबसल्या कौल मिळत होता.

देवळातली रीत अशी: देवाच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण दगडाचा देव सवडीनं बोलायचा. कधी अख्खी सकाळ पाकळी हलायची नाही. महिपती गुरवानं एकदा कोंडाजीचा उघडा खांदा उडताना पाहिला आणि जागच्या जागी हात जोडले.

"कोंडाजी, बरं का, द्येव तुज्यात ऱ्हायला आला, बरं का. दगडात त्याला गारठा सोसंना."

तेव्हापासून कोंडाजी ओट्यावर उघडा आणि खांद्यांवर पाकळ्या. म्हैस घेऊ का? टप्. सून माहेरावनं कधी येईल? "कधीला उजवं-डावं नसतंय, बरं का, नीट इचारा!" महिपती खेकसायचा. शेजारची रतनबाई तर रोज यायची आणि मनासारखी पाकळी पडेस्तोवर एकच प्रश्न विचारत बसायची.

"आरं, माजंबी इचारा की," कोंडाजी एकदा म्हणाला. "हात माघारी येईल का?"

महिपतीनं कानाला हात लावले. "द्येवानं सोताला कौल लावायचा? कुटं ऐकलंस, बरं का?"

झुंबरबाईनं मग गाडी जुंपायला लावली. "द्येव आसंल तर लोनावळ्याची हवा खाऊन येईल. रोग आसंल तर तितं डाक्टर हाय."

गाडीत महिपतीही चढला, न बोलावता. देवाला एकट्याला कसं धाडायचं?

लोणावळ्याला श्रावणातलं धुकं दवाखान्यात शिरून बाकावर रोग्यांच्या शेजारी बसलं होतं. डॉक्टर गंगाधरपंतांनी कोंडाजीला उताणा झोपवला.

"स्टेडी! अगदी स्टेडी! हात सैल सोडा. हलवायचा नाही हं, स्नायू आपणहून उडला पाहिजे. मला तेच बघायचंय."

डॉक्टर नाक टेकेपर्यंत वाकले. दिसेना. कंदील आडवा धरला, तर चष्म्यावर वाफ. "छे छे! तिरकं ऊन हवं. या धुक्यात काय कपाळ दिसणार?"

"मंग पाकळ्या लावा की," झुंबरबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या ओटीतल्या झेंडूकडे पाहिलं आणि एकदम खुलले. "लावा! इथे लावा, मांडीवर लावा, पोटावर लावा!" कोंडाजीचा झेंडूचा वाफा झाला. मग त्यांनी दंडाला बोटानं हलकी टिचकी मारली. "असं डिवचलं की झोपलेला स्नायूही उडतो."

टप्. उजवा दंड.

"व्हय!" महिपती ओरडला.

टप्. डावी मांडी.

"न्हाई! आरं द्येवा!"

"अहो, तुम्ही मधेच काय विचारताय?"

"पाटलाच्या इहिरीला पानी लागंल का, बरं का."

टप्. पोट.

"आता पोटाचं काय धरायचं?" महिपती गडबडला.

"सायलेन्स!" डॉक्टर गरजले. "कोंडाजी, तोंड उघडा. जीभ बाहेर नको, आतच पडू दे."

जीभ आत निजली होती, पण डबक्यात बेडकाची पिल्लं वळवळावीत तशी तिच्यावर वळवळ चालली होती. महिपतीनं तिथल्या तिथं लोटांगण घातलं. डॉक्टर मात्र सरळ झाले. त्यांनी चष्मा पुसला, मग पुसलेलाच पुन्हा पुसला.

"देव नाही हो हा. मणक्यातून स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळताहेत. हुकूम येईनासा झाला की स्नायू असा एकटाच बडबडतो आणि पुढे गप्प होतो. हात, पाय, जीभ, सगळीकडे दिसलं म्हणून सांगतो. औषध नाही माझ्याकडे."

"मार्गशीर्षात फेटा?" कोंडाजीनं विचारलं.

"हात नाही यायचा. पुढे बोलणंही जड होईल. कुणाला शिकवायचं तर आत्ताच शिकवा."

परतताना महिपती गाडीभर कुरकुरत होता, "डाक्टर म्हंजे रोगच म्हननार, बरं का."  घरी येताच कोंडाजीनं झुंबरबाईपुढं घागर पालथी घातली. "बांध."

"मी?"

"मंग काय घागर बांधंल? आवळ. आगं, घागरीला नाक न्हाई, नवऱ्याला आसतंय! नाक झाकू नगं!"

मार्गशीर्ष आला तेव्हा कोंडाजीचा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा आणि शब्द जिभेला चिकटायचे. मांडवात झुंबरबाईनं फेट्याचं कापड उचललं आणि महिपती आडवा आला. "बाईमानूस नवरदेवाच्या डोस्क्याला हात लावनार? आक्रीत, बरं का!"

"मंग... लाव कौल," कोंडाजी म्हणाला. "माजा न्हाई. फेट्याचा... हाय."

 पाकळ्या लागल्या.  झुंबरबाई कोंडाजीच्या पाठीशी पदर सारखा करत उभी होती. डॉक्टरांची टिचकी तिनं चांगली पाहून ठेवली होती.

टप्. उजवी.

महिपतीनं मुकाट हात जोडले. झुंबरबाईचे हात फिरू लागले आणि कोंडाजीची जड जीभ त्यांच्या मागं मागं. "वर घे... आवळ... नाक, नाक!"

जावई हौशीरामनं आरशात पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मामा, तुरा जरा कलल्यावानी दिसतुया."

"गप... ऱ्हा," कोंडाजी म्हणाला. "उजवीकडंच... कललाय."